बार्सिलोना ते नेपल्स, रेल्वेने: भूमध्य समुद्राच्या काठाने चौदा रात्रींची आखणी

भूमध्य समुद्राच्या काठची सहल आखायला बसलं की यादी भराभर वाढते. बार्सिलोना, नीस, मोनॅको, चिंक्वे तेर्रे, रोम, आमाल्फी, जमलं तर सांतोरिनीसुद्धा. नकाशावर हे सगळं जवळजवळ दिसतं आणि तिथेच आखणी फसते. म्हणून गावांची यादी बाजूला ठेवून आधी रात्री मोजाव्यात. गाव बदललं की अर्धा दिवस जातो: सकाळी आवराआवर, अकराच्या सुमाराला खोली सोडायची, स्टेशन, गाडी, पुन्हा स्टेशन, आणि नवी खोली दुपारी तीनच्या आधी सहसा मिळत नाही. एका रात्रीच्या मुक्कामात गावाच्या वाट्याला जेमतेम एक संध्याकाळ येते. कुठेही दोनपेक्षा कमी रात्री नकोत आणि चौदा रात्रींत पाचपेक्षा जास्त मुक्काम नकोत, एवढं पक्कं धरलं की बाकीचे निर्णय सोपे होतात.

या हिशेबात नीट बसणारा मार्ग असा: बार्सिलोना ३ रात्री, मार्से २, नीस ३, लेवांतो (इटलीतल्या चिंक्वे तेर्रे या पाच गावांच्या शेजारी) ३, नेपल्स ३. तीन देश, एकच चलन, एकच विसा, आणि सगळा प्रवास रेल्वेने. ग्रीस किंवा क्रोएशिया यात कोंबू नये. तिथे जायचं तर विमान आलं, आणि छोट्या विमानप्रवासातही दिवस मोडतोच. पश्चिमेकडून पूर्वेकडे जायचं एक कारण असं की या दिशेने समुद्र गाडीच्या उजव्या हाताला राहतो. जागा निवडता येत असेल तिथे उजवी खिडकी घ्यावी. सेंट-राफाएल ते कानच्या टप्प्यात लालसर खडक आणि निळं पाणी रुळाला अगदी खेटून येतं.

कधी जावं

महाराष्ट्रातल्या शाळांची सुट्टी आणि भूमध्य काठचा उन्हाळा पुरते जुळत नाहीत. तिथला मोसम जून ते सप्टेंबर, आपली सुट्टी जूनच्या मध्याला संपते. तरी यात आपलं नुकसान नाही. मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा दुसरा आठवडा हा या किनाऱ्याचा फार चांगला काळ आहे. बार्सिलोनात रात्री नवानंतरही उजेड असतो, ऊन सोसवतं, आणि जुलै-ऑगस्टची गर्दी अजून आलेली नसते. ऑगस्ट टाळावा. १५ ऑगस्टला तिन्ही देशांत सार्वजनिक सुट्टी असते, तिच्या मागेपुढे तिथली कुटुंबंही समुद्रावर उतरतात आणि खोल्यांचे भाव कडाडतात.

मेअखेरच्या प्रवासात एक उणीव आहे, पाणी गार असतं. नीसजवळ ते साधारण १८ ते २० अंश असतं. कोकणातल्या कोमट समुद्राची सवय असलेल्या मुलांना पहिली डुबकी झोंबते. पोहणं हाच मुख्य हेतू असेल आणि शाळेचं बंधन नसेल, तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा निवडावा. उन्हाळाभर तापलेलं पाणी तेव्हा छान असतं.

तारखा ठरवताना दोन गोष्टी आधी तपासाव्यात. मोनॅकोची फॉर्म्युला वन शर्यत पूर्वी मेअखेरीस असे, २०२६पासून ती जूनच्या सुरुवातीला सरकली आहे. त्या आठवड्यात नीसपासून मेंतोंपर्यंत खोल्यांचे भाव दुप्पट-तिप्पट होतात आणि लोकल गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. दुसरी म्हणजे २ जूनचा इटलीचा प्रजासत्ताक दिन. त्याला जोडून शनिवार-रविवार आला तर चिंक्वे तेर्रेची अरुंद गावं माणसांनी फुलून जातात. २३ मेच्या सुमाराला निघालं तर नीस शर्यतीच्या आधी उरकतं. लेवांतोत २ जून येतोच, तो दिवस मग पायवाटांऐवजी लेवांतोच्याच वाळूवर काढावा.

विसा: इथे घाई चालत नाही

स्पेन, फ्रान्स आणि इटली तिन्ही शेंगेन या सामायिक विसाच्या क्षेत्रात आहेत. अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे सर्वाधिक रात्री आहेत, आणि रात्री समान असतील तर ज्या देशात आधी पाऊल ठेवणार त्याच्याकडे. वरच्या आखणीत इटली ६, फ्रान्स ५ आणि स्पेन ३, म्हणजे अर्ज इटलीकडे. विमान बार्सिलोनात उतरतं म्हणून स्पेनकडे अर्ज करणं ही नेहमीची चूक. तसंच भेटीची वेळ लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज करून मुक्काम तसे दाखवण्याच्या फंदातही पडू नये. इटलीचा विसा घेऊन बार्सिलोनात उतरण्यात काही गैर नाही. हॉटेलांची आरक्षणं आणि परतीचं तिकीट छापून हातातल्या पिशवीत ठेवावं, म्हणजे विचारल्यावर दाखवता येतं.

अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. निकालाची नेहमीची मुदत पंधरा दिवस असली तरी ती ४५ दिवसांपर्यंत लांबू शकते. एप्रिल-मेमध्ये मुंबईच्या केंद्रांत भेटीच्या वेळा मिळणं अवघड होतं, म्हणून मेअखेरच्या प्रवासासाठी फेब्रुवारीतच वेळ घ्यावी. शुल्क जून २०२४पासून मोठ्यांना ९० युरो आणि ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो आहे, सहा वर्षांखालच्यांना नाही. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला लागतो.

कागदपत्रांत सर्वाधिक अडचण होते ती रात्रींच्या हिशेबात. दिवसवार तक्ता करून प्रत्येक रात्रीसमोर गाव, हॉटेलचा पत्ता आणि आरक्षण क्रमांक लिहावा. मधली एक रात्र जरी मोकळी राहिली किंवा दोन हॉटेलांच्या तारखा एकमेकांवर चढल्या, तरी प्रश्न विचारला जातो. आरक्षण मोफत रद्द करता येईल असंच घ्यावं आणि त्यावर बरोबरच्या सगळ्यांची नावं येतील असं पाहावं. मूल एकाच पालकाबरोबर जात असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र लागतं. ते जमवायला वेळ लागतो, म्हणून त्याला आधी हात घालावा.

विमान

जाणं बार्सिलोनाला आणि परतणं रोमहून, असं तिकीट काढावं. तिकिटांच्या संकेतस्थळांवर यासाठी 'मल्टी-सिटी' हा पर्याय असतो. दोन सुटी एकेरी तिकिटं घेण्यापेक्षा हे बहुधा स्वस्त पडतं. जाऊन-येऊन बार्सिलोना काढलं तर शेवटी नेपल्सहून मागे जायला एक दिवस आणि एक विमान जास्तीचं लागतं. दुबई किंवा दोहामार्गे गेलं तर युरोपातली प्रवेश तपासणी बार्सिलोनात होते. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे गेलं तर ती तिथेच होते. ऑक्टोबर २०२५पासून या तपासणीत बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने आली आहे, त्यामुळे रांगा लांबतात. युरोपात विमान बदलणार असाल तर मध्ये किमान तीन तास ठेवावेत.

रेल्वे: कोणतं तिकीट आधी, कोणतं ऐनवेळी

या मार्गावर दोन प्रकारच्या गाड्या आहेत आणि त्यांच्या तिकिटांचं गणित अगदी वेगळं आहे. लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांचे भाव विमानासारखे चढतात, त्या विक्री सुरू होताच घ्याव्यात. प्रादेशिक गाड्यांचे भाव बहुतेक ठरलेले असतात, त्यांना आरक्षण नसतं आणि आदल्या दिवशीही तिकीट मिळतं. युरेल पास (अनेक देशांच्या रेल्वेंत चालणारा एकच पास) या मार्गाला सहसा परवडत नाही. प्रवासाचा बराच भाग स्वस्त प्रादेशिक गाड्यांचा आहे, आणि जलद गाड्यांत पास असूनही जागेच्या आरक्षणाचे पैसे निराळे पडतात.

बार्सिलोना ते मार्से: सांत्स स्टेशनातून निघायचं. थेट जलद गाडी सुमारे पाच तास घेते, पण ती दिवसभरात एखादीच असते, काही काळात ठरावीक वारीच. ती नसेल त्या दिवशी पॅरिसकडे जाणाऱ्या गाडीने माँपेलिए किंवा नीमला उतरून पुढची गाडी धरावी. सांत्सला जलद गाड्यांसाठी सामानाची क्ष-किरण तपासणी असते आणि गाडी सुटण्याच्या काही मिनिटं आधी फलाटाचं दार बंद होतं. आपल्याकडे सुटणारी गाडी पळत पकडतात, तसं इथे होत नाही. अर्धा तास आधी पोचावं.

मार्से ते नीस: सेंट-शार्ल स्टेशनातून सुमारे पावणेतीन तास. प्रादेशिक गाडीही जवळपास तेवढाच वेळ घेते, म्हणून महागड्या जलद गाडीचा हट्ट नको.

नीस ते लेवांतो: हा टप्पा नीट समजून घ्यावा. नीसहून प्रादेशिक गाडीने मोनॅको आणि मेंतोंवरून वेंतिमिल्या, सुमारे एक तास. हे इटलीच्या हद्दीतलं पहिलं मोठं स्टेशन, इथे गाडी बदलायची. पुढे जेनोआ, आणि तिथून लेवांतो. सगळं मिळून साधारण पाच तास. वेंतिमिल्यात बदलीला किमान ४० मिनिटं ठेवावीत, कारण फ्रान्सकडची गाडी उशिरा आली तर इटलीची गाडी थांबत नाही. शुक्रवारी वेंतिमिल्याचा मोठा बाजार भरतो. त्या दिवशी सकाळच्या गाड्या खचाखच असतात, बॅगा घेऊन उभं राहावं लागतं. शुक्रवार टाळता आला तर उत्तम. सरहद्दीवर पोलीस गाडीत चढून कागद पाहू शकतात, तेव्हा मूळ पासपोर्टच दाखवावा लागतो. फोनमधला फोटो चालत नाही.

लेवांतो ते नेपल्स: ला स्पेत्सियाहून रोम, रोमला गाडी बदलून नेपल्स. साधारण सहा तास लागतात. रोम ते नेपल्स जलद गाडीने सव्वा तासाच्या आत होतं. ही दोन्ही तिकिटं एकाच आरक्षणात काढावीत, म्हणजे पहिली गाडी रखडली तर पुढच्या गाडीची सोय मागता येते.

इटलीत परदेशी प्रवाशांना हमखास दंड होतो तो प्रादेशिक गाडीच्या तिकिटावरून. कागदी तिकीट गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागतो. फोनवरच्या तिकिटाला 'चेक-इन' करावं लागतं. तिकीट विकत घेतलेलं असूनही हे राहिलं तर तपासनीस दंड करतो आणि माहीत नव्हतं हे कारण ऐकत नाही. आरक्षित जागेच्या जलद गाड्यांना हे लागू नाही.

मुक्काम दर मुक्काम

बार्सिलोनात सग्रादा फामिलिया चर्च आणि पार्क ग्युएल बाग या दोन्हींची वेळेची तिकिटं तीन-चार आठवडे आधी ऑनलाइन घ्यावीत. दारात जाऊन तिकीट मिळेल या भरवशावर राहू नये. वास्तुकार गौदीने १८८३मध्ये हाती घेतलेल्या या चर्चच्या रंगीत काचांतून सकाळी निळा-हिरवा आणि संध्याकाळी तांबडा-नारिंगी उजेड आत येतो. तिकिटाची वेळ त्याप्रमाणे निवडावी. मेट्रोत आणि ला राम्ब्लावर खिसेकापूंपासून सांभाळावं. फोन मागच्या खिशात नको, उपाहारगृहाच्या टेबलावरही नको.

मार्सेला दोनच रात्री, म्हणजे एक पूर्ण दिवस, आणि तो वाऱ्यावर अवलंबून. उत्तरेचा मिस्त्राल वारा सुटला की शातो दिफ किल्ला आणि फ्रिऊल बेटांच्या बोटी रद्द होतात. शहराबाहेरच्या कलांक राष्ट्रीय उद्यानातल्या वाटा १ जून ते ३० सप्टेंबर वणव्याच्या धोक्यानुसार बंद ठेवतात, दुसऱ्या दिवसाची स्थिती आदल्या संध्याकाळी जाहीर होते. सुजितों खाडीला उन्हाळ्यात मोफत पण आगाऊ नोंदणी लागते. त्यामुळे पर्याय हाताशी ठेवावा: जुनं बंदर, टेकडीवरचं नोत्र-दाम द ला गार्द चर्च आणि मुसेम संग्रहालय. मुसेम मंगळवारी बंद असतं.

नीसचा किनारा गोट्यांचा आहे, वाळू नाही. अनवाणी चालणं त्रासाचं होतं, म्हणून रबरी तळव्याचे पाण्यातले बूट बरोबर हवेत. खोली एसीची आहे का हे आरक्षणाआधी वाचावं. जुन्या इमारतींत एसी आणि लिफ्ट दोन्ही नसणं सर्रास आढळतं. इथून विलफ्रांश, अँतीब, मोनॅको आणि मेंतों लोकल गाडीने सहज होतात. एझला जाताना मात्र फसायला होतं. एझ स्टेशन समुद्रपातळीवर आहे आणि पाहायचं जुनं गाव चारशे मीटरहून वर, पायी दीड तासाचा उभा चढ. गावापर्यंत जायला नीसहून बस घ्यावी. मोनॅकोत फोनचा डेटा बंद ठेवावा. ते युरोपीय संघात नाही, त्यामुळे अनेक रोमिंग पॅकमध्ये ते धरलेलं नसतं आणि बिल फुगतं.

चिंक्वे तेर्रेच्या पाच गावांत राहण्यापेक्षा लेवांतोत राहणं आम्हाला जास्त सोयीचं वाटतं. खोल्या तुलनेने स्वस्त, वाळूचा किनारा, आणि स्टेशनापासून सपाट रस्ता. वेर्नात्सा किंवा रिओमाज्जोरेत खोली घेतली की बॅग उचलून पायऱ्या चढणं आलं. लेवांतो ते ला स्पेत्सिया धावणारी चिंक्वे तेर्रे एक्सप्रेस पाचही गावांत थांबते. दिवसात तीन-चार फेऱ्या होणार असतील तर रेल्वेसह पायवाटांचं कार्ड घ्यावं, एकेरी तिकिटाचा दर मोसमात बराच चढतो. मोंतेरोस्सो ते वेर्नात्सा ही साडेतीन किलोमीटरची वाट दोन तासांची, दगडी पायऱ्यांची आणि बरीचशी उघड्यावरची. सकाळी आठच्या आत निघावं, पायात पकड असलेले बूट हवेत, चपला नकोत. कोर्निल्या डोंगरावर आहे. स्टेशनातून गावात जायला पावणेचारशेच्या वर पायऱ्या आहेत किंवा छोटी बस. प्रवासी बोटी कोर्निल्याला थांबत नाहीत आणि समुद्र खवळला की बाकीच्या गावांनाही येत नाहीत.

नेपल्सहून पॉम्पेईला जायला सेंट्रल स्टेशनाच्या खालच्या मजल्यावरून सोरेंतोची लोकल मिळते. उतरायचं स्टेशन 'पॉम्पेई स्कावी – विल्ला देई मिस्तेरी', नुसतं पॉम्पेई नाव असलेलं दुसरं स्टेशनही आहे. नोव्हेंबर २०२४पासून रोज २०,०००च लोकांना आत सोडतात आणि तिकिटावर नाव असतं, त्यामुळे तिकीट आधी काढून पासपोर्ट जवळ ठेवावा. आत सावली जवळपास नाही. टोपी आणि माणशी दीड लिटर पाणी घेऊन नऊला दारात हजर राहावं. महिन्याचा पहिला रविवार फुकट प्रवेशाचा, म्हणून गर्दीचा. लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी बरोबर असतील तर एर्कोलानो जास्त झेपतं. इ. स. ७९मध्ये ज्या ज्वालामुखीच्या उद्रेकात पॉम्पेई गाडलं गेलं, त्यातच हे गावही गाडलं गेलं, आकाराने छोटं आहे, आणि तिथे लाकडी तुळयासुद्धा टिकून आहेत.

आमाल्फी एका दिवसात पाहायचं असेल तर सोरेंतोच्या बसच्या रांगेत उभं राहू नये. नेपल्सहून सालेर्नोला रेल्वेने यावं, सुमारे पाऊण तास, आणि तिथून बोटीने आमाल्फी, ३५ मिनिटं. वळणांच्या रस्त्यावर गाडी लागते त्यांच्यासाठी तर हाच मार्ग.

खाणं, सामान, पैसे

शाकाहारी माणूस या किनाऱ्यावर उपाशी राहत नाही, पण विचारून खावं लागतं. नीसची सोका म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं, ऑलिव्ह तेलात भट्टीत भाजलेलं धिरडंच. जेनोआत तीच फारिनाता नावाने मिळते. बार्सिलोनात टोमॅटो चोळलेला पाव आणि भाजलेल्या वांगी-मिरचीची एस्कालिवादा मागावी, वर मासळी नको असं सांगून. नीसच्या सॅलडमध्ये आणि कांद्याच्या पिसालादिएरमध्ये अँचोव्ही मासा असतो. पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात, त्यामुळे कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी हे चीज घातलेली नेहमीची पेस्तो चटणीही टाळावी. फ्रान्समध्ये दुपारचं जेवण दोनपर्यंत उरकावं, नंतर स्वयंपाकघरं बंद होतात. बार्सिलोनात रात्रीचं जेवण नवाच्या आधी फारसं सुरूच होत नाही. लहान मुलांसाठी संध्याकाळचं काही खोलीत असू द्यावं. फ्रान्समध्ये 'काराफ दो' म्हटलं की नळाचं पाणी फुकट मिळतं.

माणशी एकच बॅग, दहा-बारा किलोची. मुक्काम तीन दिवसांचे असले की कपडे धुण्याच्या दुकानात एक फेरी पुरते. एटीएम किंवा कार्डयंत्र रुपयांत रक्कम दाखवून मंजुरी मागतं, तेव्हा युरोच निवडावा, रुपयांचा दर महाग असतो. रोख थोडीच, पण जवळ हवी. हॉटेलचा दर रात्रीचा पर्यटक कर इटलीत कित्येकदा रोखीने मागतात.

समुद्रात उतरताना लाल झेंडा असेल तर पाण्यात जाऊ नये. कोकणातल्यासारखी भरती-ओहोटी इथे नाही, पाणी जेमतेम काही इंच वर-खाली होतं, पण वारा सुटल्यावर लाटा आणि ओढ वाढते. जांभळट छोटे जेलीफिश दिसले तर त्या दिवशी बाहेरच राहावं.

परतीच्या दिवशी नेपल्सहून निघून त्याच दिवशी विमान गाठायचं असेल, तर ते संध्याकाळचं असावं. रोमच्या तेर्मिनी स्टेशनातून फ्युमिचिनो विमानतळाची थेट गाडी ३२ मिनिटं घेते. संपाची सूचना इटलीत आधी जाहीर होते, म्हणून दोन दिवस आधी ती पाहावी. संप असेल तर आदल्या रात्रीच रोमला येऊन राहावं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईत पाऊस सुरू झालेला असू शकतो आणि विमानं रखडतात, तेव्हा मुंबईहून पुढे पुणे-नागपूरची गाडी किंवा विमान त्याच दिवशीचं काढू नये.